जव्हार-मोखाड्याचे डोंगर : पाण्याच्या मागाने शिखराकडे

हिमालयात पदभ्रमण करून आलेल्या मनुष्याच्या वर्णनात शिखराच्या अगोदर सरोवर येते, आणि ते तसे येणे स्वाभाविकच आहे. कारण हरमुख पर्वताच्या पायथ्याचे गंगाबल घ्या, अथवा सोनमर्गच्या वरच्या अंगाचे विशनसर, किशनसर नि गडसर घ्या, ही सारी सरोवरे त्या पर्वतांच्या घडणीतूनच जन्माला आलेली आहेत. हिमनदी उतारावरून सरकताना खडक खरवडून खोलगट द्रोण कोरते, सोबत आणलेल्या दगडमातीचा बांध त्या द्रोणाच्या तोंडाशी रचून ठेवते, आणि कालांतराने ती स्वतः वितळून गेली म्हणजे मागे उरलेल्या पात्रात निळे पाणी साठते. सह्याद्रीच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. त्याचे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई हे १६४६ मीटरांवरच थांबते आणि या पर्वतावर हिमनदी कधी वाहिली नाही. म्हणून येथे निसर्गनिर्मित गिरिसरोवरांची अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. परंतु यावरून आपल्या डोंगरांत पायथा आणि माथा यांच्या दरम्यान पाण्याची कथाच नाही असे जो समजेल, तो फार मोठ्या ज्ञानाला मुकेल. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांचा मुलूख हे या विधानाचे उत्तम प्रमाण आहे. येथे वाट कोठून चढते, वस्ती कोठे वसते, किल्ला कोठे उभा राहतो आणि चढणारा मनुष्य कोठे विसावतो, या चारही प्रश्नांचे उत्तर बहुतांशी एकच आहे, आणि ते म्हणजे पाणी.

प्रथम या मुलखाची ओळख करून घेऊ. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा हे दोन्ही तालुके नव्या जिल्ह्याच्या पूर्वेकडील डोंगरी हद्द ठरले. त्यापूर्वीच्या काळात जव्हार हे मुकणे घराण्याचे स्वतंत्र संस्थान होते आणि १९४८ मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झाले. मोखाडा हा मात्र इंग्रजी अमलात शहापूर तालुक्याचा पेटा म्हणून मोडत असे. जव्हारचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. पश्चिमेला ते कोकणच्या सखल पट्टीकडे उतरत जाते आणि पूर्वेला मोखाडा, खोडाळा, सूर्यमाळ असे चढत चढत त्र्यंबकच्या डोंगररांगेला भिडते. नैऋत्य मोसमी वारे या चढणीवर अडून असा पाऊस देतात, की चार महिन्यांत सुमारे तीन हजार मिलिमीटर पाणी या खडकावर कोसळते. त्यातले दक्षिणेकडचे पिंजाळ नदीतून वैतरणेला मिळते. उत्तरेकडचे लेंडी आणि वाघ या नद्यांतून दमणगंगेकडे जाते, आणि जाता जाता लेंडी नदी दाभोसा येथे सुमारे तीनशे फूट खोल उडी घेते. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी हे येथील मूळ रहिवासी असून, उतारावरच्या वरकस जमिनीत नागली आणि वरई, तर खाचरांत भात पिकवून ते पिढ्यान्‌पिढ्या या डोंगरांशी नाते राखून आहेत.

या डोंगरांची घडण समजून घेतल्यावाचून त्यांच्यावरची वाट समजत नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या दीर्घ भेगांतून शिलारस पुनःपुन्हा उसळून दख्खनच्या विस्तीर्ण प्रदेशावर पसरला आणि थरावर थर चढत गेले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमी या काळ्या पाषाणाने, म्हणजे बेसॉल्टने, आच्छादलेली आहे. पश्चिम घाटातील या थरांची भूशास्त्रज्ञांनी जी क्रमवार मांडणी केली, तिच्या अगदी तळाच्या थरसमूहाला, म्हणजे संघाला, त्यांनी जव्हारचे नाव दिले आहे. त्याच्यावर इगतपुरी, नेरळ, ठाकुरवाडी आणि भीमाशंकर हे संघ येतात, आणि या पाचांना मिळून कळसूबाई उपगट म्हणतात. तात्पर्य, जव्हारच्या खडकावर पाय ठेवणारा पथिक सह्याद्रीच्या या प्रचंड उतरंडीच्या तळाच्या मडक्यावर उभा असतो, आणि पूर्वेकडे चढत जाताना तो पायरीपायरीने अधिकाधिक अलीकडच्या थरांवर पोहोचत असतो. दगडाचे निरीक्षण करण्याची सवय असेल तर काही थरांत बोटाएवढ्या लांबीचे पांढुरके स्फटिक विखुरलेले दिसतात; शिलारस भूगर्भात दीर्घकाळ साचून सावकाश थंड होत असताना हे स्फटिक वाढले आणि नंतर त्या रसाबरोबर वर आले. एक संघ संपून दुसरा सुरू होण्याच्या सीमेवर असे थर आढळत असल्याने अभ्यासकांना त्यांचा खुणेच्या दगडासारखा उपयोग होतो.

प्रत्येक थराचा तळ आणि मध्य बहुधा घट्ट व कठीण असतो. माथा मात्र वायूंच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र झालेला आणि म्हणून लवकर झिजणारा असतो. दोन उद्रेकांच्या मधल्या दीर्घ विश्रांतीत त्या माथ्याची माती होऊन तिच्यावर पुढचा तप्त रस पसरला, तेव्हा ती भाजून तांबड्या मातीचा पातळ पट्टा तयार झाला. पावसाने आणि काळाने या विषम रचनेवर घाव घातले, तेव्हा मृदू भाग मागे हटून सपाटी झाली, कठीण भाग उभाच्या उभा राहून कडा झाला, आणि सपाटी नि कडा यांचा हा क्रम पायथ्यापासून माथ्यापर्यंत पुनरावृत्त होत गेला. डोंगरातली माणसे या मधल्या सपाटीला पदर म्हणतात. कोणत्याही चढाईचा आराखडा या रचनेतून आपोआप निघतो : पाड्यापासून वरकस जमिनीतून जाणारी ढोरवाट, पुढे साग, ऐन आणि मोहाच्या झाडीतून पहिल्या पदरापर्यंतची पाऊलवाट, पदरावरून आडवे जाऊन कड्यातला दुबळा भाग शोधणे, आणि त्या दुबळ्या भागातून हातापायांच्या साहाय्याने वरचा पदर गाठणे.

हा दुबळा भाग तीन प्रकारचा असतो. डोंगराचा एखादा दांडा खाली जमिनीपर्यंत उतरलेला असला तर ती सोंड. तिच्यावरून चढणे श्रमाचे पण बिनधोक असते, कारण दिशा चुकत नाही आणि दोन्ही बाजूंचा मुलूख दृष्टीच्या टप्प्यात राहतो. कड्याला उभी चीर पडून पाण्याने ती रुंदावलेली असली तर ती नाळ. जुन्या थरांना छेदून वर घुसलेल्या शिलारसाच्या भिंती या भागात अनेक आहेत, आणि अशी भिंत भोवतालच्या खडकाहून लवकर झिजली की तिच्या जागी नाळ उघडते. नाळेत सावली असते, पण वरून सुटलेला धोंडा दुसरीकडे जाऊ शकत नाही, म्हणून तेथे पुढच्या आणि मागच्या माणसाने एकमेकांच्या माथ्यावर येऊ नये हा नियम कटाक्षाने पाळावा लागतो. तिसरा प्रकार म्हणजे सरळ कातळटप्पा, जेथे वाट संपते आणि खोबणी, कंगोरा किंवा खोदीव पायरी यांच्यावर भिस्त ठेवावी लागते. नाळेच्या मुखाशी आणि कातळटप्प्याच्या पायथ्याशी सुट्या खड्यांचा घसारा पसरलेला असतो. पुष्कळ लोक कड्यावर नव्हे तर या घसाऱ्यावर पडतात, कारण तो दिसायला निरुपद्रवी असतो.

आता पाण्याकडे वळू. पावसाचे पाणी सच्छिद्र थरात मुरते, खाली खाली झिरपते, आणि तांबड्या मातीच्या किंवा अखंड पाषाणाच्या थराशी पोहोचले म्हणजे अडते. मग ते आडवे सरकू लागते आणि जेथे डोंगराचा उतार त्या थराला छेदतो तेथे झरा होऊन बाहेर पडते. म्हणून झरे डोंगरावर वाटेल तेथे सापडत नाहीत. ते ठराविक पातळीवर, बहुधा कड्याच्या पायथ्याशी आणि पदराच्या आतल्या अंगाला, एका ओळीत सापडतात. पाड्यातल्या वृद्ध स्त्रीला भूशास्त्राची परिभाषा अवगत नसेल, परंतु कोणत्या आंब्याखाली, कोणत्या ओहोळाच्या वळणावर झिरा खणला असता फाल्गुनातही हंडा भरेल हे ती अचूक सांगते. कड्याच्या तळाशी उन्हाळ्यातही हिरवा राहिलेला झाडीचा पट्टा दुरून दिसला, की अनुभवी वाटाड्या तिकडेच मोर्चा वळवतो. पाण्याची जागा, सावलीची जागा आणि पुढच्या चढाची सुरुवात ही तिन्ही तेथे एकत्र येतात.

या निसर्गदत्त व्यवस्थेला मनुष्याच्या बुद्धीची जोड कशी मिळाली हे पाहण्यासाठी जव्हारच्या दक्षिणेकडील भूपतगडावर जावे. झाप गावाच्या बाजूने चढणारी वाट कठीण नाही; नवख्या मनुष्यालाही ती झेपते, आणि माथ्यावरून पिंजाळेच्या खोऱ्याचा मोठा विस्तार नजरेत येतो. तटबंदीचे आणि जोत्यांचे अवशेष विरळ आहेत. टिकून राहिली आहेत ती खडकात खोदलेली पाण्याची टाकी. हिमालयातील गिरिसरोवराच्या जागी आपल्याकडे काय आहे, असे कोणी विचारले तर या टाक्यांकडे निःसंकोच बोट दाखवावे. ती खोदताना निघालेला दगड तटाला आणि इमारतींना कामी येई, म्हणजे एकाच श्रमात खाण आणि जलाशय दोन्ही सिद्ध होत. टाके उघडे असेल तर पाऊस त्याला भरतो. समजा तोंड पाच मीटर लांब आणि चार मीटर रुंद आहे, तर तीन हजार मिलिमीटर पावसात केवळ त्या तोंडातून साठ हजार लिटर पाणी आत उतरते. भोवतालच्या कातळावरचे पाणी चराने वळवले तर आणखी मिळते. आठ महिन्यांच्या कोरड्या हंगामात उन्हाने निम्मे पाणी ओढून नेले, तरी दरडोई रोजचे पाच लिटर या हिशेबाने वीस माणसांच्या शिबंदीला चोवीस हजार लिटर लागतात, आणि तेवढे एका टाक्यातून भागते. उन्हाने जाणारे हे निम्मे पाणीही वाचावे म्हणून काही किल्ल्यांवर खांब सोडून आत गुहेसारखी खोदलेली टाकी आढळतात. छतामुळे पाण्याला ऊन लागत नाही आणि ते निवळ व थंड राहते.

किल्ला आणि पाणी यांची ही सांगड या मुलखाच्या राजकीय इतिहासाच्या मुळाशी आहे. जव्हारच्या राजवंशाची उत्पत्तिकथा अशी, की थळ घाटाजवळच्या मुकणे येथील पौपेरा नावाच्या कोळी नायकाने जव्हारच्या वारली सरदाराकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, आणि मान्यता मिळताच त्या कातड्याच्या बारीक पट्ट्या कापून सारा प्रदेश वेढून घेतला. मग वारली सरदाराला वायव्येकडील गंभीरगड आणि त्याच्या भोवतालचा मुलूख देण्यात आला. कथा अनेक देशांत अनेक रूपांनी आढळते, परंतु तिच्यात भरपाई म्हणून गडाचे नाव यावे हे विशेष आहे. पुढे या वंशातील नेमशाहाला दिल्ली दरबाराकडून राजा हा किताब मिळाला आणि ५ जून १३४३ या दिवसापासून संस्थानाने आपला शक चालू केला. त्या वेळी त्याच्या अमलाखाली बावीस किल्ले होते असे संस्थानचा वृत्तांत सांगतो. शेतसाऱ्याच्या दृष्टीने गरीब असलेल्या या डोंगरी मुलखाचे खरे वैभव गावांच्या संख्येत नव्हते. ते घाटवाटांवर नजर ठेवणाऱ्या आणि बारमाही पाणी राखणाऱ्या या माथ्यांत होते. १६६४ मध्ये सुरतेकडे जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम जव्हारजवळच्या शिरपामाळावर पडला आणि जव्हारचे राजे विक्रमशाह यांनी तेथे त्यांचे स्वागत केले, ही परंपरा येथे आजही अभिमानाने सांगितली जाते.

भूपतगडावर पायांची परीक्षा झाली की पूर्वेकडची मोठी चढण हाती घ्यावी. मोखाड्याहून खोडाळ्याला आले म्हणजे एका बाजूला सूर्यमाळचे थंड हवेचे पठार राहते आणि त्र्यंबककडे जाणारा रस्ता जिल्ह्याची सरहद्द ओलांडून निरगुडपाड्याला पोहोचतो. तेथून समोर हरिहर आणि त्याचा शेजारी भास्करगड उभे असतात. हरिहरची उंची सुमारे ११२० मीटर आहे. झाडीतून वर निघालेली वाट एका रुंद सोंडेवर येते. तिच्या शेवटी कातळाची जवळजवळ उभी भिंत आहे, आणि त्या भिंतीत एकामागून एक पायऱ्या खोदून प्रत्येक पायरीत हात रोवण्यासाठी खोबण्या केलेल्या आहेत. हा जिना संपला की दरवाजा, दरवाजातून पुढे कड्याच्या पोटात कोरलेली आडवी वाट, जेथे छत इतके खाली आहे की वाकून चालावे लागते, आणि नंतर पुन्हा चढता जिना. शत्रूला एका वेळी एकेकट्याने, दोन्ही हात गुंतलेल्या अवस्थेत यावे लागेल, अशी ही योजना आहे. वर मोकळ्या माळावर तळे लागते, काठी मारुती आणि महादेव आहेत, जवळ घुमटाकार छताची कोठाराची इमारत उभी आहे. आणि या सर्वांच्या वर काही मीटर उंचीचा कातळी उंचवटा आहे, ज्यावर हातापायांनी चढल्याखेरीज शिखर पदरात पडत नाही. सोंड, कातळ, तळे आणि शिखर हा जो क्रम पाश्चात्त्य आल्प्समध्ये किंवा काश्मिरात शोधायला लोक जातात, तो येथे एका सकाळीत अनुभवता येतो.

हा किल्ला १६३६ मध्ये शहाजीराजांनी त्र्यंबकच्या किल्ल्याबरोबर मोगल सरदार खानजमान याच्या स्वाधीन केला, पुढे मोरोपंत पिंगळ्यांनी तो स्वराज्यात आणला, आणि १८१८ मध्ये त्र्यंबक इंग्रजांच्या हाती पडल्यावर आसपासच्या किल्ल्यांबरोबर तोही त्यांच्याकडे गेला. त्या काळी येथे आलेला कॅप्टन ब्रिग्ज या जिन्याचा उभेपणा पाहून थक्क झाला होता. इंग्रजांनी पुष्कळ किल्ल्यांच्या वाटा सुरुंगाने उडवल्या; हरिहरच्या पायऱ्या वाचल्या, म्हणून प्राचीन पाथरवटांचे हे कौशल्य आपल्याला पायाखाली तपासता येते. एव्हरेस्टच्या नैऋत्य भिंतीवरून १९७५ मध्ये शिखर गाठणारा डग स्कॉट हा ब्रिटिश गिर्यारोहक १९८६ च्या नोव्हेंबरात याच डोंगराच्या उभ्या कड्यावरून चढला आणि तेव्हापासून त्या कड्याला स्कॉटिश कडा हे नाव पडले. शेजारच्या भास्करगडाची तऱ्हा वेगळी : तेथील जिना दोन उंच पाषाणभिंतींच्या मधून नागमोडी वर जातो, आणि मुख्य दरवाजा गाळाने इतका बुजला आहे की रांगत आत शिरावे लागते.

अशा जागी हातापायांनी चढण्याचे शास्त्र थोडके पण कठोर आहे. दोन हात आणि दोन पाय या चारांपैकी तीन सदैव खडकावर स्थिर असावेत आणि एकच हलवावा. भार पायांवर असावा, हातांनी केवळ तोल सांभाळावा. आधार घेण्यापूर्वी तो दगड ठोकून पाहावा. आणि गवताचा झुबका किंवा कारवीची काठी कधीही आधार समजू नये. उतरताना तीव्र टप्प्यावर तोंड खडकाकडे ठेवावे. जिना अरुंद असेल तर चढणारे आणि उतरणारे एकाच वेळी त्यावर असू नयेत. सुटीच्या दिवशी हरिहरवर गर्दी लोटते तेव्हा हा साधा शिष्टाचार पाळणे प्राणरक्षणाचे काम ठरते. आषाढ-श्रावणात ओल्या बेसॉल्टवर शेवाळाचा पातळ थर चढतो आणि धुक्यात कड्याची कड दिसत नाही, म्हणून त्या महिन्यांत दाभोश्याचा धबधबा आणि पठारावरची हिरवाई पाहावी, कातळटप्पे टाळावेत. आश्विनापासून माघापर्यंतचा काळ चढाईला उत्तम : खडक कोरडा, टाकी भरलेली, हवा स्वच्छ. चैत्र-वैशाखात पहाटे निघून ऊन चढण्याच्या आत खाली यावे. कड्याला आग्या मोहोळ असेल तर धूर, अत्तर आणि आरडाओरडा या तिन्हींपासून दूर राहावे. आणि सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे पाड्यातला माणूस वाटाड्या म्हणून सोबत घ्यावा, आणि त्याच्या श्रमाचा योग्य मोबदला त्याला न मागता द्यावा.

हरिहरच्या माथ्यावरून दक्षिणेकडे पाहिले म्हणजे ऊर्ध्व वैतरणेचा विस्तीर्ण जलाशय दिसतो. त्र्यंबकच्या याच डोंगरांत गोदावरी उगम पावून १४६५ किलोमीटरांचा प्रवास करीत पूर्व समुद्राला मिळते, तर वैतरणा पश्चिमेकडे वळून अरबी समुद्र गाठते. पण तिचे पाणी समुद्राआधी मुंबईला पोहोचते. अभियंता नानासाहेब मोडक यांच्या नावाचा मोडकसागर १९५७ मध्ये पूर्ण झाला, ऊर्ध्व वैतरणा १९७३ मध्ये, आणि मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथील सुमारे १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा धरण २०१४ मध्ये. मुंबईची तहान भागवणारे हे जलाशय ज्या डोंगरांनी भरतात, त्या डोंगरांवरच्या पाड्यांत मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. याचे कारण निसर्गाच्या कृपणतेत नाही. तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणारा खडक उताराचा आहे; त्यावरचे पाणी तासाभरात नदीला मिळते आणि खालच्या खोऱ्यात अडवले जाते. उंचावरच्या वस्तीला हवे आहे ते वरच्या वर, पदरापदरावर अडवलेले पाणी : राखलेला झरा, गाळ काढलेले टाके, बांधलेला ओहोळ आणि झाडीने धरून ठेवलेली माती. किल्ले उभारणाऱ्यांनी हे तत्त्व छिन्नी-हातोड्याने सिद्ध केले होते आणि त्यांना नदीचा आधार घ्यावा लागला नव्हता.

म्हणून या डोंगरांवर चढणाऱ्या प्रत्येकाकडे दोन कर्तव्ये येतात असे मला प्रामाणिकपणे वाटते. टाक्यात कचरा टाकू नये, त्यात उतरून अंघोळ करू नये, हे पहिले. दुसरे अधिक मोठे आहे : जेथे जेथे झरा, झिरा किंवा बुजलेले टाके आढळेल त्याची जागा आणि कोणत्या महिन्यात त्यात किती पाणी होते हे टिपून ते गावाला, ग्रामपंचायतीला आणि वनखात्याला कळवावे, व गाळ उपसण्याच्या कामी आपले हात द्यावेत. गिर्यारोहकांच्या संस्थांनी किल्ल्यांवरच्या टाक्यांची सफाई महाराष्ट्रात अनेक ठिकाणी केली आहे; तेच काम माथ्यावरून खाली, पाड्याच्या झऱ्यापर्यंत आणणे अशक्य नाही. ज्या लोकांच्या वाटेने आपण शिखर गाठतो, त्यांच्या घरी वैशाखात पाणी असावे यासाठी झटणे हा गिर्यारोहणाचाच भाग मानला गेला पाहिजे.